एकशे त्रेचाळीसची बशी

"साखर किती घातलीस?"

"लागेल तेवढी."

"लागेल तेवढी म्हणजे किती ग्रॅम?"

"घालून झाली आता. आधी विचारायचंत."

काजितानी नोबुयोशी हातात पेन्सिल धरून ओट्याशी उभे होते. पातेल्यात मुळा आणि माकूळ रटरटत होतं. शेजारी वजनकाटा होता आणि काट्यावर साखरेचा डबा. डबा त्यांनी सकाळीच वजन करून ठेवला होता. आताचा आकडा त्यांनी सकाळच्या आकड्यातून वजा केला आणि वहीत लिहिलं: साखर, एकतीस ग्रॅम. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात या बाईने आपल्याला एकूण किती साखर चारली असेल, याचं गणित त्यांच्या डोक्यात सुरू झालं होतं आणि ते चेहऱ्यावर दिसत होतं.

"सोया सॉसची बाटलीपण मोजलीत का?" यासुएबाईंनी विचारलं.

"मोजली."

"मग मला कशाला विचारता? तुम्ही आणि बाटली बघून घ्या."

काजितानी वजनमापं खात्यात अडतीस वर्षं निरीक्षक होते. जिल्ह्यातल्या बाजारांत फिरून काटे तपासायचे, चुकणाऱ्या काट्यावर लाल पट्टी चिकटवायची आणि दुकानदाराला दोन शब्द सुनवायचे, यात त्यांचं आयुष्य गेलं. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण कोणी "चमचाभर" म्हटलं की कोणता चमचा, हे विचारल्याशिवाय त्यांना राहवत नसे. असा माणूस इतकी वर्षं घरातल्या स्वयंपाकघराकडे कसा फिरकला नाही, हे एक कोडंच होतं. फिरकले नव्हते म्हणूनच संसार टिकला, असं यासुएबाईंचं मत होतं.

आता फिरकावं लागलं, त्याला कारण डॉक्टर इवामोतो. ऑगस्टच्या अखेरीला त्यांनी रक्ताचा कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, "तीन महिन्यांची सरासरी साखर आठ पूर्णांक एक. दिवसाला सोळाशे कॅलरी, त्याच्या वर एक घास नाही. सहा ऑक्टोबरला परत तपासू. साडेसातच्या खाली आली तर ठीक. नाहीतर आठ तारखेपासून दोन आठवडे इथे भरती व्हायचं. काय खायचं, किती खायचं, ते आम्ही शिकवू."

"पंधराला देवळाचा उत्सव आहे," काजितानी म्हणाले.

"उत्सव दर वर्षी असतो."

"यजमानपद दर वर्षी नसतं."

ते खरं होतं. बंदरापासून देवळापर्यंत चढत जाणाऱ्या त्या गल्लीत चोवीस घरं होती आणि उत्सवाचं यजमानपद एकेका घराकडे फिरत फिरत येई. म्हणजे चोवीस वर्षांनी एकदा. मागच्या वेळी काजितानींच्या घराची पाळी आली तेव्हा ते जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला कोळ्यांचे काटे तपासत होते आणि सुट्टी मागायला त्यांना लाज वाटली होती. घरचे कर्ते म्हणून म्हातारे वडील एकटेच यजमानाच्या आसनावर बसले, आणि त्याच हिवाळ्यात गेले. ही सल काजितानींनी कोणाजवळ बोलून दाखवली नव्हती. आता ते अडुसष्टचे होते. पुढच्या पाळीला ब्याण्णव.

आणि यजमान स्वतः हजर नसेल तर पाळी सरळ पुढच्या घराला जाई, अशी रीत होती. पुढचं घर तोकुनागा मासेवाल्याचं.

तोकुनागांचं आणि त्यांचं एक जुनं प्रकरण होतं. एकोणीस वर्षांपूर्वी, नवीन वर्षाला दोन दिवस असताना, दुकानात ही गर्दी, आणि काजितानी तपासणीला उभे राहिले. काटा चोख होता. पण खारवलेल्या गाबोळीच्या एकशे चाळीस पाकिटांवर नुसतं 'दोनशे पन्नास' लिहिलं होतं. पुढे ग्रॅम नव्हतं. काजितानींनी सगळी पाकिटं खाली उतरवायला लावली. "आकड्यापुढे एकक नसेल तर तो आकडा नाही, ती अफवा आहे," हे त्यांचं खात्यातलं आवडतं वाक्य त्यांनी तिथे भर गर्दीत ऐकवलं. तोकुनागा आणि त्यांची बायको गिऱ्हाइकांसमोर बसून एकशे चाळीस वेळा 'ग्रॅम' लिहीत राहिले. त्या दिवसापासून तोकुनागा त्यांना 'साहेब' म्हणत आणि मासळी जरा जास्तच अदबीने बांधून देत.

तर डाव असा मांडला गेला होता. काजितानींनी पद्धत ठरवली: पातेल्यात जे जे जाईल ते मोजायचं, तक्त्यावरून कॅलरी काढायच्या, बेरीज करायची आणि वाट्यांनी भागायचं. मुळा-माकुळाच्या पातेल्याचे चार वाटे: दोघांचे आजचे, दोघांचे उद्याचे. एका वाट्याला एकशे अठ्ठ्याण्णव कॅलरी. त्यांनी आकड्याखाली दोन रेघा मारल्या. कित्येक वर्षांनी त्यांना कामावर असल्यासारखं वाटलं.

"आणि हे कोणाला सांगायचं नाही," ते म्हणाले. "माझ्या साखरेचं. गल्लीत एक अक्षर जाता कामा नये."

"मी कशाला सांगू?" यासुएबाई म्हणाल्या.

संध्याकाळी त्यांनी झाकण उघडलं तर पातेल्यात दोनच वाटे होते.

"उरलेलं कुठे गेलं?"

"कुसाकाबाईंना दिलं थोडं. आणि थोडं तोकुनागांकडे."

"दिलं? अगं, ते भागलेलं होतं."

"कुसाकाबाईंकडून बशी आली ना परत." त्यांनी फडकं उचललं. खाली तांबड्या भोपळ्याच्या चकचकीत फोडी होत्या, साखरेत आणि सोयात मुरलेल्या. "तुम्हाला आवडतो म्हणून मुद्दाम केलाय."

इथे काजितानींच्या लक्षात आलं की गेली चाळीस वर्षं आपण आपल्या घरचं जेवतच नव्हतो. गल्लीत कोणी काही जास्तीचं केलं की एक बशी वर जायची, एक खाली. आणि गेलेली बशी रिकामी परत येत नसे. त्यांच्या ताटातला भोपळा कुसाकाबाईंचा, बांगडा तोकुनागांचा, घेवडा वरच्या वळणावरच्या घरचा. यासुएबाईंचं अर्धं पातेलं रोज गल्लीत जायचं आणि गल्ली तेवढंच त्यांच्या ताटात आणून टाकायची. वहीतल्या एकाही आकड्याला काही अर्थ नव्हता.

"बंद कर हे," ते म्हणाले.

"काय बंद करू?"

"देवाणघेवाण. दीड महिना."

"आणि समोरून बशी आली की काय करू? रिकामी परत पाठवू?" यासुएबाईंनी हातातला डाव खाली ठेवला. "माझ्या सासूबाईंनी युद्धाच्या दिवसांतसुद्धा बशी रिकामी पाठवली नाही हो. दोन हिरव्या मिरच्या घालून पाठवली. मी तोंड कुठे दाखवू?"

काजितानींनी वाद घातला नाही. त्यांनी पंधरा दिवस फक्त स्वतःच्या घरचे वाटे मोजले, गल्लीचं अंदाजाने धरलं आणि पंधराव्या दिवशी वजन केलं. आठशे ग्रॅम वाढ. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. सहा ऑक्टोबरला चार आठवडेसुद्धा उरले नव्हते.

त्याच दुपारी त्यांनी कपाटातल्या झाडून सगळ्या बशा आणि वाडगे खाली काढले. युक्ती साधी होती. शेजारून पदार्थ आपल्याच बशीत येतो, तेव्हा बशीचं वजन आधीच ठाऊक असलं की भरलेली बशी काट्यावर ठेवायची, बशीचं वजन वजा करायचं, पदार्थाचं वजन मिळालं. त्यांनी एकेक बशी कोरडी करून मोजली आणि तिच्या पाठीवर तांब्या-पितळेवर खूण करायच्या लाल पेनाने आकडा लिहिला, धुतला तरी जाणार नाही असा. लहान पांढरी बशी: १४३. निळ्या काठाची: २८७. जाड मातीची तपकिरी: ६१२. एकूण बेचाळीस भांडी. शेवटी, हात सुरू होताच म्हणून, देवळातून यजमानाच्या घरी उत्सवासाठी आलेली मोठी परातही त्यांनी काट्यावर चढवली. तिच्यासाठी माळ्यावरचा मोठा काटा काढावा लागला. परातीच्या पाठीवर त्यांनी लिहिलं: ३६००.

"आता काय बशापण खाणार?" यासुएबाईंनी दारातून विचारलं.

"तुला नाही कळायचं."

"नाही, मला कुठलं कळतंय," म्हणून त्या आत गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून बशा बाहेर पडू लागल्या आणि परत येऊ लागल्या. काजितानी प्रत्येक बशी दारातच अडवत, काट्यावर ठेवत आणि मग आत सोडत. शेजारच्या हाताचा भरवसा नाही म्हणून ते तक्त्यातल्या आकड्यात वर वीस टक्के मिळवत. भोपळा आला की भोपळ्याचा आकडा अधिक वीस टक्के. वही भराभर भरत होती आणि रोजची बेरीज बावीसशेच्या खाली यायला तयार नव्हती.

त्यांनी भात निम्मा केला. तरी बेरीज दोन हजार.

आणि एक चमत्कारिक गोष्ट होऊ लागली. गल्लीच्या स्वयंपाकाची चव गेली. कुसाकाबाईंचा भोपळा पूर्वी जिभेवर विरघळायचा, तो आता नुसता उकडलेला लागू लागला. वरच्या घरचा घेवडा यायचा तिथे समुद्रशेवाळ येऊ लागलं. एकदा तर बशीभर कोन्याकू आला, तो रबरासारखा लिबलिबीत पदार्थ, ज्यात पाण्याशिवाय काही नसतं. बशी मात्र काठोकाठ भरलेली असायची.

"गल्लीतली साखर संपली का काय?" काजितानी घास चघळत म्हणाले.

"तुमची जीभ बिघडली असेल," यासुएबाई म्हणाल्या. "वय झालं."

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ते बांगडा आणायला तोकुनागांच्या दुकानात गेले. तोकुनागांनी मासळी कागदात गुंडाळली, दोन्ही हातांनी पुढे केली आणि जरा वाकून हलक्या आवाजात म्हणाले, "आज एकशे त्रेचाळीस ना, साहेब? सोसा थोडं. उत्सवापर्यंतच आहे."

काजितानी तसेच उभे राहिले. एकशे त्रेचाळीस हे त्यांच्या पांढऱ्या बशीचं वजन होतं. ते या माणसाला का ठाऊक असावं, आणि ते सोसायचं म्हणजे काय? घरी येईपर्यंत चढावर त्यांना तीनदा थांबावं लागलं.

वाटेत कुसाकाबाई भेटल्या. या बाई तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात आहारतज्ज्ञ होत्या आणि निवृत्त झाल्यावरही सगळ्यांशी तिसरीतल्या मुलांशी बोलावं तसं बोलत. "कालचे दोनशे सत्त्याऐंशी कसे वाटले?" त्यांनी विचारलं.

"कालचे काय?"

"काही नाही, काही नाही. जातंय ना वजन, मग झालं," म्हणून त्या घाईने निघून गेल्या.

काजितानी घरी आले ते बूट काढायच्या आधीच बोलू लागले. "तू सांगितलंस."

"काय?"

"माझ्या साखरेचं. गल्लीला माहीत आहे. तोकुनागाला माहीत आहे."

"मी एक अक्षर बोललेले नाही," यासुएबाई म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. "ऑगस्टपासून तुम्ही ईल मासा घेतलेला नाही. बांगड्याची कातडी काढून मागता. हे मासेवाल्याला मी सांगायला हवं का?"

"मग आकडे? माझ्या वहीतले आकडे त्याला कसे कळले?"

यासुएबाईंनी फडक्याने ओटा पुसला. पुसलेलाच होता, तो पुन्हा पुसला. "काय माहीत," त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून काजितानी वही उशीखाली ठेवू लागले. त्यांच्या मनात एक संशय आकार घेत होता. आपण भरती झालो तर यजमानपद कोणाला जातं? तोकुनागाला. मग तोकुनागा आपल्यावर नजर ठेवणार नाही तर कोण? एकोणीस वर्षं माणसाने 'साहेब, साहेब' करत वाट पाहिली असेल.

वजनकाटा तर वेगळंच सांगत होता. न्हाणीघरातल्या काट्यावर ते उभे राहिले की आकडा खाली गेलेला दिसे. एक किलो. मग दोन. ऑक्टोबर लागला तेव्हा सव्वातीन. कोणीही आनंदाने उडी मारली असती. काजितानींनी वही पाहिली. वहीप्रमाणे वजन वाढायला हवं होतं. वही ग्रॅमग्रॅम मोजून लिहिलेली होती, तेव्हा खोटा होता तो काटा. त्यांनी दहा किलो तांदळाची पिशवी काट्यावर ठेवली. काट्याने बरोबर दहा दाखवले. त्यांनी पिशवीवरही संशय घेतला. शेवटी जुन्या पेटीतली लाल पट्टी काढून त्यांनी आपल्याच घरच्या काट्यावर चिकटवली: नापास.

"अहो, पाटलोण कमरेवरून घसरतेय तुमची," यासुएबाई म्हणाल्या.

"कापड सैल झालंय."

दोन ऑक्टोबरला लहान बशा सगळ्या बाहेर गेलेल्या होत्या. यासुएबाई माहेरच्या कामाला गेल्या होत्या, म्हणून काजितानींनी स्वतःच हाताला लागली ती जाड तपकिरी बशी घेतली, तिच्यात शिजवलेल्या गोबोच्या मुळांचे तुकडे घातले आणि तोकुनागांकडे नेऊन दिली. संध्याकाळी बशी परत आली. फडकं उचललं आणि घरभर वास पसरला. बांगड्याचे तीन जाड तुकडे, पिठात घोळून खरपूस तळलेले, वर आल्याचा गोडसर रस. चार दिवसांवर तपासणी, आणि तीन आठवडे माणसाने शेवाळ खाल्लेलं.

"डाव आहे हा," काजितानी स्वतःशीच म्हणाले. "सरळसरळ डाव आहे."

त्यांनी बशी काट्यावर ठेवली. सहाशे बारा वजा केले. तक्त्यातून आकडा काढला, वीस टक्के मिळवले. सातशेच्या वर. पेन्सिल खाली ठेवली. मग त्यांनी एक तुकडा चाखायला म्हणून तोंडात टाकला. तो फार चांगला झाला होता. दुसरा त्यांनी उभ्याउभ्याच खाल्ला. तिसऱ्याच्या वेळी मात्र ते बसले.

यासुएबाई परतल्या तेव्हा रिकामी बशी आणि तिच्यापुढे मान खाली घालून बसलेला नवरा त्यांना दिसला.

"संपलं," काजितानी म्हणाले. "तोकुनागाला जाऊन सांग, आसनावर बसायची तयारी कर म्हणावं."

"कोणत्या बशीतून दिलंत तुम्ही?" यासुएबाईंनी बशी उलटी केली, पाठ पाहिली आणि कपाळाला हात लावला. "शहाणेच आहात. तपकिरी कशाला द्यायची?"

"बशीने काय होतंय?"

"काही नाही. उद्यापासून बशा मी देणार."

सहा तारखेला काजितानी दवाखान्यात गेले ते रात्रीचे कपडे आणि दात घासायचा ब्रश पिशवीत घालूनच. बाकावर बसून त्यांनी वडिलांना मनातल्या मनात सांगून टाकलं की याही वेळी जमलं नाही. डोळे भरून आले तेव्हा त्यांनी भिंतीवरच्या उंची मोजायच्या पट्टीकडे पाहिलं. ती अर्ध्या सेंटीमीटरने वर लावलेली होती. ते सांगायचंसुद्धा त्यांच्यात त्राण नव्हतं.

डॉक्टर इवामोतोंनी कागद पाहिला, चष्मा काढला, पुन्हा लावला. "सात पूर्णांक दोन," ते म्हणाले. "वजन साडेतीन किलोने कमी. काय केलंत हो?"

काजितानींनी वही पुढे केली. डॉक्टर पानं उलटत गेले आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडत गेल्या. "या वहीप्रमाणे तुमचं वजन वाढायला हवं होतं."

"हो."

"मग?"

"तुमचं यंत्र तपासलेलं आहे का?" काजितानींनी विचारलं.

डॉक्टरांनी त्यांना घरी पाठवलं.

घरी सगळे खूश होते, म्हणजे यासुएबाई खूश होत्या. काजितानींना मात्र ज्याचं गणित जुळत नाही असं यश गोड लागेना. नऊ दिवस ते वही पुढेमागे चाळत राहिले आणि चूक कुठे सापडली नाही.

पंधरा तारीख उजाडली. दुपारी देवळाच्या सभागृहात चोवीस घरची माणसं दोन रांगांत बसली. काजितानी वडिलांचा काळा पोशाख घालून यजमानाच्या आसनावर बसले. पोशाख आता त्यांना नेमका बसत होता. उत्सवाची रीत अशी की यजमानाकडची मोठी परात आदल्या दिवशी गल्लीत रिकामी जाते. वर्षातून हेच एक भांडं रिकामं जातं. गल्ली मिळून ती भरते, यजमानापुढे ठेवते, आणि यजमानाने परात संपवल्याशिवाय बाकी कोणी जेवायच्या काड्या उचलायच्या नसतात. एरवी परातीत चार सुशी, माशाचा एक तुकडा आणि थोडा लाल भात, एवढंच असतं. यजमान पाच मिनिटांत उरकतो.

दार उघडलं आणि परात आत आली. दोन माणसांनी उचलली होती आणि तिसरा दार धरून उभा होता.

आख्खा भाजलेला तांबोशी मासा. तेम्पुऱ्याचा, म्हणजे पिठात बुडवून तळलेल्या कोळंबीचा ढीग. गोड टोफूच्या पिशव्यांत भरलेला भात. साखरेत घोळलेली रताळी. अंड्याच्या पोळीची जाडजूड गुंडाळी. आणि मधोमध कुसाकाबाईंचा भोपळा, पूर्वीसारखा चकचकीत. परात काजितानींसमोर ठेवली तेव्हा चटईत रुतली. सत्तर माणसं आपापल्या काड्यांसमोर हात मांडीवर ठेवून कौतुकाने त्यांच्याकडे पाहू लागली.

"अभिनंदन," कुसाकाबाई म्हणाल्या. "डॉक्टरांनी एकदम छत्तीसशेची परवानगी दिली. मला तर विश्वासच बसेना. दोनदा बेरीज केली मी. एकूण छत्तीसशे, एकही कमी नाही, एकही जास्त नाही."

"छत्तीसशे काय?" काजितानींनी विचारलं.

"कॅलरी."

"कोणी सांगितलं?"

कुसाकाबाई गोंधळल्या. "तुम्हीच तर लिहून पाठवता. प्रत्येक बशीच्या पाठीवर. विचारायला बरं दिसत नव्हतं, म्हणून आम्ही आपलं बघून तेवढंच करत होतो. एकशे त्रेचाळीस लिहिलं की एकशे त्रेचाळीस. किती अवघड जायचं तुम्हाला सांगते. एकशे त्रेचाळीसमध्ये बशी भरलेली दिसायला हवी आणि पोटही भरायला हवं. सगळ्या घरांनी मोजमापाचे पेले आणले. मी दर मंगळवारी शिकवणी घेतली."

"सहाशे बारा आले त्या दिवशी आमच्या हिला रडू आलं," तोकुनागा शांतपणे म्हणाले. "म्हणाली, आज साहेबांना पोटभर देता येईल."

काजितानींनी परातीकडे पाहिलं, माणसांकडे पाहिलं. पाच आठवडे ते वहीत गल्लीच्या नावावर वीस टक्के जास्तीची साखर मांडत होते आणि गल्ली त्यांच्यासाठी चमच्याचमच्याने साखर काढून टाकत होती. ज्याला त्यांनी डाव म्हटलं तो मायेने तळलेला बांगडा होता. त्यांना इतकी शरम वाटली की कान तापले.

"ते बशीचं वजन होतं," ते कसेबसे म्हणाले. "नुसत्या बशीचं. ग्रॅममध्ये."

मग तोकुनागा उठले, परातीची एक कड हळूच तिरकी करून त्यांनी खाली वाकून पाहिलं, आणि पुन्हा गुडघे टेकून समोर बसले.

"साहेब," ते म्हणाले, "पुढे एकक नाही."

"नाही," काजितानी म्हणाले.

"एककाशिवाय आकडा म्हणजे काय असतं, सांगितलं होतंत ना तुम्ही?"

"अफवा."

तोकुनागांनी बाहीतून दुकानातलं पेन काढलं आणि दोन्ही हातांनी, मासळी देत तशाच अदबीने, पुढे केलं. एकोणीस वर्षं त्यांनी या क्षणाची वाट पाहिली असेल, पण चेहऱ्यावर तसं काही दिसलं नाही. फक्त मिशी थोडी थरथरत होती. काजितानींनी पेन घेतलं आणि कपाळ चटईला टेकेपर्यंत वाकून नमस्कार केला. तो तोकुनागांना होता, कुसाकाबाईंना होता आणि सगळ्या गल्लीला होता. डोकं वर केलं तेव्हा चष्म्यावर धुकं आलं होतं.

आता परातीचं काय करायचं, हा प्रश्न उरला. रीत मोडता येत नव्हती आणि पथ्यही. काजितानी क्षणभर ओठ हलवत बसले.

"छत्तीसशे," ते म्हणाले. "भागिले चोवीस घरं. एका घराला दीडशे. यजमानाने वाटून संपवली तरी परात संपलीच म्हणायची. चालेल?"

पुजाऱ्यांनी थोडा विचार केला आणि मान डोलावली. काजितानींनी घरून काटा मागवला नाही. त्यांनी पहिल्यांदाच डोळ्यांनी अंदाज घेऊन चोवीस वाटे केले. तोकुनागांच्या वाट्यात मानाचं म्हणून तांबोशीचं डोकं गेलं. सगळ्यांनी ते पाहिलं.

घरी परतले तेव्हा ऊन अजून ओट्यावर होतं. काजितानींनी पोशाखसुद्धा बदलला नाही. कपाट उघडून बशा उलट्या करून मांडल्या आणि तोकुनागांचं पेन काढलं. ६१२ च्या पुढे त्यांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं: ग्रॅम. मग दुसऱ्या तपकिरी बशीपुढे. मग निळ्या काठाच्यांपुढे. यासुएबाई शेजारी बसून चहा ओतत होत्या.

"तुला माहीत होतं," काजितानी मान वर न करता म्हणाले.

"पहिली बशी कोन्याकूने भरून आली तेव्हाच पाठ पाहिली मी. मग सढळ हाताने साखर घालणाऱ्या बायकांकडे लहान बशा पाठवायला लागले."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही सांगितलं असतंत ना सगळ्यांना, चूक आहे म्हणून. लगेच."

काजितानींनी पुढची बशी उचलली, ती लहान पांढरी, आणि पेन टेकवलं.

"तिला राहू दे," यासुएबाई म्हणाल्या.

"का?"

"डॉक्टरांनी जानेवारीत परत बोलावलंय. नवीन वर्षाच्या गोडाधोडानंतर."

काजितानी बशी हातात धरून बसले. अडतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी समोरचा चुकीचा आकडा कधी तसाच सोडला नव्हता. त्यांनी १४३ कडे पाहिलं, पुढच्या कोऱ्या जागेकडे पाहिलं. मग पेनाला टोपण लावलं, बशी सुलटी केली आणि कपाटात सगळ्यांत पुढे, पहिला हात जाईल अशी ठेवली.